विझला काही विझेना : बुडापेस्टमधील एका श्वानशाळेचा अनुभव

गावाकडून, म्हणजे सांगलीहून, कोणाचाही फोन आला की बोलता बोलता कुत्र्याची चौकशी होते, त्याची जात विचारली जाते आणि उत्तर ऐकून पलीकडून हमखास हसण्याचा आवाज येतो. हंगेरीच्या या शिकारी कुत्र्याचे नाव इथल्या लोकांच्या तोंडी ‘विझ्लॉ’च्या जवळ जाते, पण मराठी कानाला ते सरळ ‘विझला’ असेच ऐकू येते. आमच्या तांबूला व्हिडिओ कॉलवर तासभर पाहिल्यानंतर वडील म्हणाले होते, “अरे, हा विझला कसला, हा तर सकाळपासून पेटलेलाच आहे.” पुढचे कित्येक महिने आम्ही नवराबायको त्याला विझवण्याच्याच खटपटीत होतो, आणि ती खटपट मुळातच चुकीच्या दिशेने चालली होती, हे आम्हाला शहराच्या पश्चिमेकडच्या, बुडा भागातल्या टेकड्यांच्या कडेला एका कुरणावर भरणाऱ्या लहानशा श्वानशाळेने दाखवून दिले. हा अभिप्राय त्या शाळेच्या बारा आठवड्यांच्या प्राथमिक वर्गाविषयी आहे. शाळा चालवणाऱ्या बाईंना जाहिरात नको असते आणि एका वर्गात त्या पाचांहून अधिक कुत्री घेत नाहीत, म्हणून नाव देत नाही. परंतु परदेशात राहून असे कुत्रे सांभाळणाऱ्या मराठी माणसाला वर्ग निवडताना काय पाहावे हे कळावे, एवढ्यासाठी सविस्तर लिहीत आहे.

आधी कुत्र्याविषयी, कारण कुत्रे समजल्याशिवाय शाळेची किंमत कळणार नाही. विझला हे पक्ष्यांच्या शिकारीसाठी घडवलेले कुत्रे आहे. गवतात दडलेल्या तितराचा किंवा फेझंटचा वास नाकाने पकडायचा, त्या जागेपुढे एक पाय उचलून आणि शेपूट सरळ ठेवून पुतळ्यासारखे थांबायचे, बंदूकवाला पोहोचेपर्यंत हलायचे नाही आणि पडलेला पक्षी दातांचा ओरखडाही न उठवता आणून हातात द्यायचा, हे त्याचे काम. शिवाय पाण्यातून बदक आणणे आणि जखमी जनावराचा माग काढणे हेही त्याच्याकडून अपेक्षित असते. एकाच कुत्र्याकडून सगळी कामे करून घेण्याची ही मध्य युरोपातली रीत आहे. 1920 पासून या जातीची पद्धतशीर पैदास सुरू झाली आणि 1936 मध्ये एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेने तिला मान्यता दिली. तिच्या यादीत आखूड केसांच्या विझलाचा क्रमांक 57 आहे. दुसऱ्या महायुद्धात ही जात जवळपास संपुष्टात आली होती, आणि देश सोडून गेलेल्या लोकांनी सोबत नेलेल्या थोड्या कुत्र्यांमुळे ती इतर देशांत पोहोचली. नराची उंची खांद्यापाशी 58 ते 64 सेंटीमीटर असते. रंगाला हंगेरियन भाषेत ‘झेम्ले’ची, म्हणजे भट्टीतून निघालेल्या छोट्या पावाची, उपमा देतात, आपल्याकडे कोणीही त्याला गुळाचा रंग म्हटले असते. नाकसुद्धा काळे नसते, तपकिरीच असते, त्यामुळे पिल्लू एकाच मातीतून काढल्यासारखे दिसते आणि माणूस फसतो.

मी फसलो तो आणखी एका कारणाने. आजोबांच्या मळ्यावर कारवानी होता. सांगली, सोलापूर, विजापूर या पट्ट्यात वाढलेल्या लोकांना हे उंच, सडपातळ, सशामागे बाणासारखे सुटणारे कुत्रे माहीत असते. तो कारवानी सकाळी एकदा शिवारभर धावून यायचा आणि मग दिवसभर गोठ्याच्या सावलीत पाय पसरून पडायचा. घरात येण्याची त्याला ओढ नव्हती आणि कोणी फार लाड केलेलेही त्याला खपत नसत. शिकारी कुत्रे म्हणजे असेच, ही माझी समजूत. पण कारवानी नजरेने शिकार करतो आणि एकट्याने करतो, तर विझला नाकाने करतो आणि माणसाच्या सोबतीने करतो. हा फरक किती मोठा आहे, हे तांबू घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी कळले, कारण तोपर्यंत मला न्हाणीघराचे दार एकदाही बंद करता आले नव्हते. विझला माणसाला चिकटून राहतो. पायावर बसतो, मांडीला टेकून उभा राहतो, रात्री पांघरुणात शिरतो. शिकारीच्या मैदानात बंदूकवाल्याच्या टप्प्याबाहेर न जाणारे कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या निवडत गेल्यावर दुसरे काय होणार?

पहिल्या वर्षाचे नुकसान थोडक्यात सांगतो: सोफ्याचा एक कोपरा, रेडिएटरमागच्या भिंतीचा गिलावा, आणि माझ्या कोल्हापुरी चपलांचे दोन्ही अंगठे, तेवढेच, बाकी चप्पल शाबूत. संध्याकाळी सात वाजले की तो घरभर चकरा मारू लागे, पडदे ओढी, बायकोच्या बाह्यांना लोंबकळे. सगळे म्हणाले, दमवा त्याला. म्हणून मी सकाळी सहाला दान्यूब नदीतल्या मार्गारेट बेटावर जाऊ लागलो, तिथल्या सव्वापाच किलोमीटरच्या धावपट्टीवर त्याला घेऊन धावू लागलो, आणि एक फेरी कमी पडते असे वाटल्यावर दुसरी मारू लागलो. दहा महिन्यांच्या पिल्लाला असे मोजून-मापून धावडवतो हे ऐकल्यावर आमच्या पशुवैद्यांनी जे सुनावले ते मी इथे लिहीत नाही; वाढत्या सांध्यांवर हा ताण नको, हा त्याचा सभ्य सारांश. आणि त्यातून साध्य काय झाले, तर सहा आठवड्यांत मी सहा किलो उतरलो आणि तांबूचा दमसास दुप्पट झाला.

त्याच काळात आम्ही एका मोठ्या श्वानशाळेत नाव घातले होते. कुंपण घातलेले मैदान, वीसेक कुत्री, उड्या मारायचे अडथळे, बोगदे, चेंडू आणि सतत चाललेला आरडाओरडा. पैसे आगाऊ भरलेले. तासाभराने तांबू घसा बसलेला आणि डोळे लाल झालेले असा बाहेर पडे, गाडीत कण्हत राही आणि रात्री अकरापर्यंत झोपत नसे. त्या शाळेत कोणी वाईट वागले असे नाही. एखाद्या शांत, आळशी कुत्र्याला तिथे मजाही येत असेल. पण ज्याच्या अंगात आधीच निखारे आहेत त्याला आणखी फुंकर घालण्याचे ते काम होते, आणि चौथ्या आठवड्यानंतर उरलेल्या पैशांवर पाणी सोडून आम्ही जाणे थांबवले.

आता मूळ शाळेकडे येतो. हंगेरीत वडीलधाऱ्या बाईला नावानंतर ‘नेनी’ जोडून हाक मारतात, आपल्या मावशीसारखे. म्हणून घरात आम्ही या बाईंचा उल्लेख मावशी असाच करतो. त्यांनी आयुष्याची बरीच वर्षे शिकारीची कुत्री तयार करण्यात घालवली आहेत आणि त्यांच्या स्वतःच्या दोन विझला आहेत, पैकी एक राठ केसांची. पहिल्या शनिवारी त्यांनी आम्हा पाच जणांना कुरणावर एकमेकांपासून पंधरा-पंधरा पावलांवर घडीच्या खुर्च्या टाकायला लावल्या, पट्टा पायाखाली दाबून धरायला सांगितले आणि म्हणाल्या, “आता काही करू नका.” किती वेळ, असे एका तरुणाने विचारले. “तुमचा कुत्रा सुस्कारा टाकेपर्यंत.”

तांबूने चाळीस मिनिटे घेतली. त्याने आधी माझ्या गुडघ्यावर पंजे ठेवले, मग खुर्चीची पट्टी चावून पाहिली, मग शेजारच्या कुत्रीकडे पाहून रडगाणे लावले, मग माझ्याकडे पाठ करून बसला. मला मिनिटागणिक लाज वाटत होती. मावशी मधूनच मागे येऊन हळूच म्हणत, त्याच्याकडे पाहू नका, बोलू नका, पट्टा ओढू नका. अखेरीस त्याने मागचे पाय एका बाजूला टाकले, हनुवटी माझ्या बुटावर ठेवली आणि नाकातून एक लांब, ऐकू येण्याजोगा श्वास सोडला. मावशींनी दुरूनच हात वर केला. त्या दिवशी आम्ही दुसरे काहीही शिकलो नाही, आणि घरी आल्यावर तो चार तास झोपला, जे मार्गारेट बेटाच्या दोन फेऱ्यांनी एकदाही घडले नव्हते.

हे सगळे ज्या विचारावर उभे आहे तो मावशींनी पुढच्या आठवड्यांत तुकड्यातुकड्याने सांगितला. विझला स्वतःहून थांबत नाही. धावणे, हुंगणे, शोधणे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. विश्रांती मात्र शिकवावी लागते. पिल्लू दिवसाचे सोळा-अठरा तास झोपले पाहिजे आणि संध्याकाळी सातचा तो धिंगाणा ऊर्जा उरल्यामुळे नसून झोप न मिळाल्यामुळे असतो, अगदी जागरण झालेल्या लहान मुलाच्या किरकिरीसारखा. आम्ही त्यावर आणखी फिरवणे हा उपाय करत होतो, म्हणजे रडणाऱ्या मुलाला पेंगत असताना जत्रेत नेण्यासारखे.

यासाठी प्रत्येकाला कुत्र्याच्या एकट्याच्या मालकीचे एखादे अंथरूण आणायला सांगितले होते. इतरांनी दुकानातल्या गाद्या आणल्या. आम्ही आईने दिलेली सोलापुरी चादर चौघडी करून नेली. ‘हेय’ म्हणजे जागा, हा शब्द उच्चारला की त्याने तीवर जाऊन पडायचे आणि सोडवल्याशिवाय उठायचे नाही. ही चादर आता आमच्याबरोबर सगळीकडे फिरते. मागच्या रविवारी नोर्मफा टेकडीवर सफरचंदाचे रेतेश खात आम्ही पाऊण तास बसलो होतो, शेजारून सायकली गेल्या, एक डॅक्सहुंड भुंकून गेला, आणि तांबू चादरीवर पडून फक्त भुवया हलवत राहिला. रेतेश म्हणजे पातळ पापुद्र्यांत गुंडाळलेले सारण, आणि वर्षभरापूर्वी याच ठिकाणी त्याने माझ्या हातातले ते गरमागरम, कागदासकट गिळले होते.

भाषेचा प्रश्न येईल असे वाटले होते, कारण वर्ग हंगेरियनमध्ये चालतो आणि मावशींचे इंग्रजी मोजकेच आहे. प्रत्यक्षात अडचण फार आली नाही. आज्ञा दहा-बारा आहेत आणि बाकीचे त्या हातवाऱ्यांनी दाखवतात. ‘उल’ म्हणजे बस, ‘मॉरॉद’ म्हणजे थांब, ‘सॉबॉद’ म्हणजे मोकळा. गंमत ‘फेक्सिक’ या शब्दाने केली. त्याचा अर्थ आडवा पड. पाचव्या-सहाव्या आठवड्यात एकदा बागेत बायको मला म्हणाली, “अरे, चेंडू फेक की,” आणि तांबू जागच्या जागी सपाट झाला. तेव्हापासून आमच्या घरात फेकणे हे क्रियापद बंद आहे. चेंडू ‘टाकला’ जातो.

पट्टा सोडण्याचा भाग मात्र सर्वांत कठीण आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा. मावशी पहिले आठ आठवडे कुत्रे मोकळे सोडू देत नाहीत. दहा मीटरची लांब दोरी, तीही पाणी न शोषणाऱ्या चकचकीत पट्टीची, गळपट्ट्याला न अडकवता छातीच्या पट्ट्याला पाठीवर अडकवायची, आणि सोबत शिट्टी. दोन आखूड शिट्ट्या म्हणजे परत ये. एक लांब शिट्टी म्हणजे असेल तिथे थांब. प्रत्येक वेळी परत आल्यावर त्याला पुन्हा हुंगायला सोडायचे, म्हणजे परत येणे म्हणजे मजा संपणे, असे समीकरण डोक्यात बसत नाही. हे सगळे अनाठायी वाटेल, पण बुडाच्या जंगलात रानडुकरे आहेत, ती वस्तीपर्यंत येतात, आणि जनावराचा वास नाकात गेलेल्या विझलाला मागे वळवणे ही शाळेबाहेर शिकण्याची गोष्ट नव्हे. शिकारीच्या क्षेत्रात कुत्रे मोकळे सोडणे नियमालाही धरून नाही. नवव्या आठवड्यात तांबू एका काळ्या रिगोपुढे, म्हणजे कस्तुराच्या जातीच्या पक्ष्यापुढे, प्रथमच उभा राहिला: उजवा पुढचा पाय मुडपलेला, शेपूट पाठीच्या रेषेत, नाकपुड्यांखेरीज सगळे स्तब्ध. पक्षी उडाला. तांबूचे मागचे पाय ताणले गेले. मी लांब शिट्टी दिली आणि तो बसला, थरथरत, पण बसला. पक्ष्याच्या वाटेला कोणी गेले नाही आणि माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे कबूल करायला मला संकोच वाटत नाही.

वासाच्या कामासाठी शेवटचे तीन शनिवार राखलेले असतात. गवतात लपवलेली कापडी पिशवी शोधणे, मातीतून ओढत नेलेल्या मांसाच्या तुकड्याचा माग काढणे, असे साधे खेळ. वीस मिनिटे नाक चालवले की तांबू तासभर धावल्यापेक्षा अधिक समाधानाने थकतो; घरी आम्ही हेच जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत खाणे लपवून करतो, आणि पावसाळी दिवशी त्यावर भागते.

आता उणिवा. शुल्क 72,000 फोरिंट आहे, म्हणजे ढोबळमानाने सतरा-अठरा हजार रुपये, आणि त्यात व्यक्तिगत भेट धरलेली नाही. चुकलेला शनिवार भरून मिळत नाही. लेखी काहीच देत नाहीत. घरी आल्यावर कोणती आज्ञा किती वेळ करायची हे आठवत बसावे लागते, आणि हंगेरियन न येणाऱ्याला ते दुप्पट जड जाते. एकट्याने घरी राहण्याची सवय लावणे हा या जातीचा सर्वांत अवघड विषय, त्यावर वर्गात जेमतेम अर्धा तास दिला गेला. आम्हाला ते घरीच, दोन मिनिटे, पाच मिनिटे, दहा मिनिटे असे करत चार महिन्यांत साडेतीन तासांपर्यंत नेता आले. त्यापलीकडे आजही जात नाही, आणि आम्ही दोघांनी कार्यालयाचे दिवस वाटून घेतले आहेत. फटाक्यांचाही विचार वर्गात व्हायला हवा होता. बंदुकीसाठी घडवलेले कुत्रे आवाजाला भीत नसेल, हा माझा आणखी एक गैरसमज 20 ऑगस्टच्या, म्हणजे हंगेरीच्या राष्ट्रीय दिनाच्या रात्री, दान्यूबवरच्या आतषबाजीने दूर केला. तांबू न्हाणीघरात टबात जाऊन बसला होता.

काही गोष्टी कोणतीच शाळा करून देत नाही. अंगावर आखूड केसांचा एकच थर असतो, आतली लोकर नसते, त्यामुळे शून्याखालच्या सकाळी अंगरखा घालावाच लागतो. टेकडीवरून आल्यावर बोटांच्या बेचक्यांत, कानांमागे आणि काखेत गोचिडी शोधाव्या लागतात. हंगेरीत गोचिडींमुळे होणारा बबेसिओसिस हा जीवघेणा ताप कुत्र्यांत नेहमीचा आहे आणि औषधाची गोळी चुकवून चालत नाही. पैदास करणाऱ्याकडून पिल्लू घेताना आईबापांच्या खुब्याच्या सांध्यांचे क्ष-किरण दाखले मागावेत आणि घराण्यात फेपरे आहे का ते स्पष्ट विचारावे. आम्ही पहिले विचारले, दुसरे विचारायचे सुचले नाही, नशिबाने निभावले.

पुण्याहून दोन भाच्यांनी आणि एका जुन्या मित्राने आतापर्यंत विचारले आहे की असे कुत्रे तिकडे मिळेल का. मिळण्याचा प्रश्न बाजूला ठेवू. दोघेही दहा तास बाहेर, सातव्या मजल्यावरचे घर, एप्रिलची दुपार आणि फिरवायला ठेवलेला मुलगा, एवढ्यावर विझला पाळणे म्हणजे त्याच्यावरही अन्याय आणि सोफ्यावरही. मळा असेल, दिवसभर घरात माणूस असेल आणि पहाटे उठायची तयारी असेल, तर बोलू. आणि कारवानीचा विचार आधी करावा, असे मी तिघांनाही सांगितले; दोघांना ते पटले, एकाने अजून उत्तर दिलेले नाही.

मावशींच्या पुढच्या वर्गात आम्ही मार्चसाठी नाव घातले आहे, तो पाण्यातून वस्तू आणण्याचा आहे. प्राथमिक वर्गाला जायचे असेल तर वसंतात किंवा शरदात जावे, जुलैत कुरणावर सावली नसते. रबरी बूट न्यावेत, कारण पावसानंतर खालच्या बाजूला घोट्याएवढे पाणी साचते. खुर्ची स्वतःची न्यावी. आणि खिशात चीजचे तुकडे अगदी बारीक, वाटाण्याएवढे कापून न्यावेत, मोठे असले तर मावशी सगळ्यांसमोर सुरी काढून ते पुन्हा कापतात.